सासूच्या नावची चाळीस पोती

आमचा अनाथबंधू कोले माणूस तसा गोड. लग्नाच्या पंगतीत माशाचं डोकं आपल्याच पानात पडावं म्हणून वाढप्याला आधीच गाठून ठेवतो, एवढंच. मी त्याची मोठी चुलतबहीण, मी नाही बोलणार तर कोण बोलणार?

फाल्गुनात आमच्या हुगळीकडचा बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये जातो आणि नोव्हेंबरअखेर ते रिकामं करावंच लागतं. भाव चढेल म्हणून सगळे पोती दाबून बसतात, शेवटच्या पंधरवड्यात एकदम बाहेर काढतात आणि भाव मातीत घालतात. यंदा अनाथनेच तोडगा काढला. जूनपासून दर महिन्याला ज्याने त्याने आपला सहावा हिस्सा काढायचा, म्हणजे बाजारात माल बेताचा राहील. चहाच्या टपरीच्या भिंतीवर त्याने खडूने नावं लिहिली.

"दिदी, जो यादी मोडेल त्याच्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही."

"बरं बाबा. तू निदान माझ्या घरचे मुरमुरे फस्त करणं तरी सोड."

पाच महिने भाव खरंच जागचा हलला नाही. मी त्याला चारचौघांत शाबासकीसुद्धा दिली. आता आठवलं की तोंड कडू होतं.

कारण नोव्हेंबरात, कालीपूजा उरकली आणि स्टोरेजच्या फाटकावर जत्रा भरली. यादीत नसलेली पोती निघाली. कुणाची भाच्याच्या नावावर, कुणाची सुनेच्या. फाल्गुनात ठेवलेली, जूनमध्ये यादी करताना कुणी त्यांचं नावही काढलं नव्हतं. व्यापारी बोट लावेनात. माझा शेवटचा हिस्सा, वेळेवर काढलेला, त्याच ढिगाऱ्यात मातीमोल गेला.

उरलेला माल स्टोरेजच्या मालकाने मागच्या पडीक जागेत फेकला. आठवड्यात तो पाझरायला लागला. कुजलेला बटाटा कसा घाण मारतो, ते मेलेल्या उंदराला विचारा. केसात वास, अंथरुणात वास, भाताच्या घासात वास. मी नाकाला पदर लावून बघायला गेले, तर चिकट पाण्यात भिजलेल्या पोत्यांवर निळ्या रंगात नाव: कुमुदिनी पाखिरा. अनाथची सासू. चार वर्षांपूर्वी तिच्या श्राद्धाला मी दोनदा खीर घेतली होती.

अनाथ तिथेच नाकावर गमछा धरून उभा होता.

"काय रे, कुमुदिनी मावशी बऱ्या आहेत ना?"

"दिदी, चाळीसच पोती होती."

"मेल्यावरही शेती करते. बाई कष्टाळू."

"सगळ्यांनीच ठेवली होती की."

"सगळ्यांनी यादी नव्हती लिहिली."

तो पायाने एक बटाटा ढकलत म्हणाला, "पुढच्या साली तूच लिही."

"लिहीन. पण माणसं नाही, पोती. फाल्गुनात फाटकावर खुर्ची टाकून बसेन, आत जाताना एकेक मोजेन, नाव कुणाचं का असेना."

"मेलेल्यांचीही?"

"त्यांची आधी."

त्याच्या नियमाने आता गावात कुणीच कुणाकडे पाणी प्यायला नको. संध्याकाळी माझ्या ओट्याशी आला, म्हणाला, "दिदी, घोटभर पाणी दे. यादी पाळलेलं तुझं एकच घर उरलंय."

तांब्या दिला. पायरीच्या टोकावर ठेवला आणि मागे सरकले. अंगाला वास येत होता त्याच्या.