खालच्या तुकड्याचा ढीग

आमच्या वहिनींना सगळे 'फौजदार' म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. दूधवाला दारात आला की त्या आधी कॅनकडे बघतात, मग त्याच्या डोळ्यांकडे, मग पुन्हा कॅनकडे. टपालवाल्याने पाकीट दिलं तर "हे काल का नाही आलं?" एवढंच विचारून त्याला असं घोळात घेतात, की तो बिचारा न केलेल्या उशिराची कबुली देऊन जातो. मी उभा जन्म रंगभूमीवर काढला, पुष्कळ खलनायक वठवले, पण नुसती भुवई उचलून समोरच्याला घाम फोडणं मला कधी साधलं नाही. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी बाडबिस्तरा उचलून थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, शेतावरच्या घरी आलो. पहिल्याच दिवशी वहिनींनी माझी ट्रंक अंगणात उघडायला लावली.

"भाऊजी, नाटकवाल्यांच्या सामानात ढेकूण असतात."

होते.

अशी ही बाई. म्हणून गेल्या वसंतात, गावात सगळ्यांना सगळ्यांचा संशय येत असताना, एकट्या वहिनी गप्प बसल्या, तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. एखादं ठरलेलं वाक्य येत नाही आणि अख्खा प्रयोग कानाला खटकत राहतो, तसं.

दादाची जमीन दोन जागी आहे. घरामागचं वरचं रान आमच्या वडिलांचं. ओढ्याकाठचा खालचा तुकडा दादाचा स्वतःचा. लग्न झाल्या झाल्या त्याने तो घेतला, झाडं तोडली, साखळ्या लावून बुंधे उपटले. वडील बांधावर उभे राहून म्हणाले होते, "ओढ्याच्या घशात बी घालतोयस." दोघं पुढे बरेच दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून घरात एक रीत पडली. दोन्हीकडचा गहू गोदामात वेगवेगळा टाकायचा: डाव्या भिंतीला वरच्या रानाचा ढीग, उजव्या भिंतीला खालच्याचा. दादा काही वजन करत नसे. ढिगाला पाठ लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, "यंदा छातीला लागला." एखाद्या वर्षी खांद्याला. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडे, तसा माझ्यावर कुठल्या दिवेवाल्याने कधी टाकला नाही.

मग आली नकाशावाली. पन्नाशीची, चिखलाचे बूट, खांद्याला पिशवी. ओढ्याचं पाणी पुढे मोठ्या गावाच्या नळाला जातं, त्यात माती आणि खत फार येतं, म्हणून पाणीपुरवठ्याच्या लोकांनी तिच्या संस्थेला नेमलं होतं. दादाने बूट दाराबाहेर काढायला लावले आणि खुर्ची दिली ती डुगडुगणारी.

"तुमच्याकडे जो हार्वेस्टर येतो," ती म्हणाली, "त्याच्या पोटात दाणे पडताना मोजणारं यंत्र आहे. कुठल्या जागी किती पडले, ते तो टिपून ठेवतो. तीन वर्षांचं टिपण मी हार्वेस्टरवाल्याकडून घेतलं. तुमच्या सहीनेच. त्यातून बी, खत, डिझेल वजा केलं. हिरवं म्हणजे फायदा. तांबडं म्हणजे पेरून तोटा."

तिने टेबलावर नकाशा पसरला. वरचं रान पोपटासारखं हिरवं होतं. खालचा तुकडा सगळा तांबडा.

"इथे पेरणं सोडा," ती म्हणाली. "गवत येऊ द्या, काठाने झाडं लावा. त्याचे पाणीपुरवठ्याकडून दरवर्षी पैसे मिळतील. इथलं खत वाचेल, ते वरच्या रानाला द्या. एकरी उत्पन्न बघू नका, खर्च जाऊन हातात काय उरतं ते बघा. कमी पेरून जास्त उरेल."

"कमी पेरून जास्त," दादा माझ्याकडे वळून म्हणाला. "ऐकलंस का राजे? तुमच्या कंपनीचा मॅनेजर असंच बोलायचा ना, पगार द्यायच्या दिवशी?"

मी हसलो. नकाशावालीही हसली, आणि मला ती तिथेच आवडली. वहिनी मात्र चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या आणि नकाशाकडे बघतच नव्हत्या. ज्या बाईने माझ्या ट्रंकेतल्या कपड्यांची शिवण तपासली, तिने या परक्या बाईला एक प्रश्न विचारला नाही. चहा ठेवला आणि आत गेल्या.

नकाशावाली पुढच्या सोमवारी येते म्हणून सांगून गेली. दादा दोन दिवस तो कागद घेऊन गोदामात बसला. खालच्या तुकड्याचा आकडा त्याने वाचलाच नाही. त्यावर काट मारली आणि म्हणाला, "हे खोटं आहे. मी ढीग डोळ्यांनी पाहिलाय." पण वरच्या रानाचा आकडा वाचला. मशीन म्हणत होतं, वरच्या रानात भरपूर गहू निघाला. आणि डाव्या भिंतीचा ढीग तर दरवर्षी बेताचाच. मग उरलेला गहू गेला कुठे?

"समजलं," दादा म्हणाला. "मशीनने मोजला, आणि गोदामात आला नाही. मधे कोण होतं? तो."

तो म्हणजे हार्वेस्टरवाला. तीन गावांत कापणी करणारा, कमी बोलणारा, कर्जाने घेतलेलं मशीन लेकरासारखं पुसणारा. मी म्हणालो, "दादा, नीट विचारू तरी त्याला." पण दादाने तोवर टोपी घातली होती. वजनकाट्यावर दहा-बारा शेतकरी ट्रॉल्या लावून उभे होते. दादाने सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "माझा गहू कुणाला विकतोस?"

मी तिथे होतो. भरलेलं थिएटर एकाएकी गप्प होतं ते मला ठाऊक आहे, पण ती शांतता वेगळी होती. प्रत्येक जण मनातल्या मनात आपापला ढीग आठवत होता. संध्याकाळपर्यंत दोघांनी त्याची कापणी रद्द केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्वेस्टरवाला आमच्या दारात आला. आत यायला तयार नव्हता.

"वहिनी, मालक नाहीत का?"

"ओढ्यावर गेलेत."

"त्यांना सांगा, मशीन उघडून दाखवतो. टाकी, पाइप, सगळं. हवं तर माझं घरही बघा. पण काट्यावर येऊन बोलले, तसंच काट्यावर येऊन बघू देत. कापणी गेली तर मशीन ओढून नेतील."

वहिनींनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. एरवी त्यांनी त्याला तासभर उभा केला असता: कुठल्या बांधावर कितीदा थांबलास, ट्रॉली कोण हाकत होतं, ताडपत्री कुणी बांधली. एक शब्द नाही. तो गेला तरी त्या दारातच उभ्या.

मी मागे जाऊन म्हणालो, "वहिनी, मला नट म्हणून पोसलंत, आता नट म्हणून सांगतो. तुम्ही अभिनय करताय, आणि वाईट करताय."

त्या ओट्याशी गेल्या. धुतलेल्या वाट्या पुन्हा धुवायला लागल्या.

"पहिल्या वर्षी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "खालचा ढीग गुडघ्याएवढा होता. हे गोदामात बसून राहिले. जेवायला उठेनात. मामंजी बाहेरून खोकत फिरत होते, मुद्दाम. दुसऱ्या वर्षीही तेवढाच झाला. हे बाजाराला गेले होते. मी फावडं घेतलं आणि डावीकडचा गहू उजवीकडे ओढला. कमरेपर्यंत केला. भाऊजी, ते आले, पाठ लावून उभे राहिले, आणि मला हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने."

"आणि मग?"

"मग काय. एकदा कमरेला लागलेला ढीग पुढच्या वर्षी गुडघ्यावर कसा आणू? दरवर्षी ओढला. थोडा जास्तच. ते खूश व्हायचे, आणि खूश झाले की आणखी खत खाली घालायचे. वरच्या रानाचं तोडून. म्हणायचे, बाबांची जमीन आळशी आहे."

आता मला त्यांचं फौजदारपण उमगलं. स्वतःच्या घरात एवढा मोठा माल इकडचा तिकडे करून जी पचवते, तिला दूधवाल्याचा भरवसा कसा वाटावा?

"आत्ता बोललात तर दादा कोसळेल," मी म्हणालो. "नाही बोललात तर तो माणूस बुडेल. आणि सोमवारी नकाशावाली येऊन दोन्ही आकड्यांची बेरीज करेल, ती गोदामातल्या एकूण गव्हाशी ताडून बघेल. बेरीज बरोबर जुळेल, वहिनी. गहू कुठेच गेला नाही, हे तिला एका मिनिटात कळेल."

"त्या बाईच्या तोंडून त्यांनी ऐकायचं?" वहिनींनी वाटी उपडी ठेवली. "ते नको."

दादा ओढ्यावरून आला तेव्हा त्या त्याला थेट गोदामात घेऊन गेल्या. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही. यंदाचे ढीग अजून विकायचे होते. वहिनींनी काही सांगितलं नाही. कोपऱ्यातलं फावडं घेतलं, पदर खोचला, आणि डाव्या ढिगातला गहू उजवीकडे टाकायला लागल्या. एक फावडं, दुसरं. सत्तरीच्या बाईचा हात त्या कामात इतका सराईत होता, की पाहणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

दादा बघत राहिला. मग म्हणाला, "कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"दरवर्षी?"

"हो."

"खांद्याला लागला होता, ते वर्ष?"

"त्या वर्षी जरा जास्त झाला माझ्याकडून."

मला वाटलं, आता ओरडेल. तो ढिगावरच बसला. मूठभर गहू उचलला, सोडला. बोलला तेही वहिनींना उद्देशून नव्हे.

"म्हणजे बाबांचं रान इतकं चांगलं होतं," तो म्हणाला. "आणि मी त्याला उपाशी ठेवलं."

दुपारी तो वजनकाट्यावर गेला. कालचेच लोक होते. हार्वेस्टरवाला त्याला बघून मशीनच्या पायरीवरून उतरला नाही. दादा मोठ्याने म्हणाला, "मशीन बरोबर आहे. माझा ढीग चुकीचा होता. मी ह्याला चोर म्हणालो, ते मागे घेतो."

"ढीग चुकला कसा?" कुणीतरी विचारलं. "कुणी चुकवला?"

"माझ्या गोदामातला ढीग मीच लावतो," दादा म्हणाला.

हार्वेस्टरवाल्याने त्याला वरून खाली न्याहाळलं. "दरात सूट पाहिजे असेल तर मिळणार नाही."

"सूट नको. वेळेवर ये."

"येईन. पण यापुढे प्रत्येक ट्रॉली इथे काट्यावर चढेल. तुमच्यासमोर. आणि मग तुमच्या गोदामात जाईल." रद्द करणारे दोघे परत आले, पण त्यांनीही हीच अट घातली. आता सगळा परिसर ट्रॉली काट्यावर चढवतो आणि एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघतो.

खालच्या तुकड्यात दादाने पेरलं नाही. गवत कमरेएवढं वाढलं, काठाने लावलेल्या रोपांनी मूळ धरलं. पुराचं पाणी आता तिथे थांबतं, माती सोडून निवळतं आणि मग पुढे जातं. पाणीपुरवठ्याचे पैसे आले तेव्हा दादाने बँकेत जाऊन दोनदा विचारलं की हे कुणी चुकून तर नाही ना टाकले. वाचलेलं खत वरच्या रानात गेलं. रान कमी, राबणं कमी, आणि वर्षाअखेर हातात पूर्वीपेक्षा जास्त. नकाशावाली म्हणाली होती तसंच झालं, म्हणून दादाला ती आणखीच संशयास्पद वाटते.

घरात मात्र हवा बदलली. वहिनींनी भाजी वाढली की दादा पातेल्यात डोकावतो. "संपली" म्हणाल्या तर झाकण उचलतो. एरवी सगळ्यांना पिंजऱ्यात उभं करणारी बाई स्वतः पिंजऱ्यात उभी राहते आणि निमूट झाकण उचलू देते. मी एकदा दादाला म्हणालो, "पुरे आता." तो म्हणाला, "तू गप्प बस. तुला नाटकात खोटं बोलायचे पैसे मिळायचे. ही फुकट बोलली."

परवा नकाशावाली नवा कागद देऊन गेली. दादाला अक्षर आता नीट दिसत नाही. वहिनींनी चष्मा लावला आणि कागद उचलला.

"राजेकडे दे," दादा म्हणाला. "तो वाचेल."

वहिनींचा हात क्षणभर तिथेच राहिला. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचलं. आवाज न चढवता, विराम न घेता, एखादा बदली नट वाचतो तसं कोरडं. वरच्या रानाचं उत्पन्न, खर्च, उरलेलं. खालच्या तुकड्याचे मिळालेले पैसे, रोपांचा खर्च, उरलेलं. दादा डोळे मिटून ऐकत होता.

"झालं?"

"झालं."

"आता तिला दे. तिला वाचू दे."

वहिनींनी वाचलं. एकेक आकडा सावकाश, बोट ठेवून. खालच्या तुकड्याशी आल्यावर आवाज थोडा बारीक झाला, पण आकडा तोच आला. शेवटपर्यंत तोच आला.

दादाने डोळे उघडले आणि पहिल्यांदा वहिनींकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी तूच वाच," तो म्हणाला. "राजे फार भरभर वाचतो."