बांधावरचा आंबा

धाकट्या भावानं शिरूरच्या कोर्टात माझ्यावर दावा लावला. त्याचं रान माझ्या रानाच्या मागं. ऊस न्यायला त्याचा ट्रॅक्टर माझ्या बांधावरनं जायचा. थोरल्यानं वाट अडवायला मुद्दाम आंबा लावला, तो तोडून द्यावा, असं दाव्यात लिहिलेलं.

त्या आंब्याखाली माझ्या बायकोची राख आहे. आमच्याकडं आता बरेच लोक राख नदीत सोडत नाहीत. रानात खड्डा घेऊन त्यात टाकतात, वर झाड लावतात. वाटेवरनं आमचा अबोला आधीपासूनच होता. धाकटा सरणापर्यंत आला, राख सावडायला आला नाही. म्हणून त्याला ठाऊक नव्हतं. मीही बोललो नाही. मेलेल्या माणसाला कोर्टात कशाला उभं करायचं?

जजसाहेबांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ दौंडच्या एक वकीलबाई. त्यांनी आम्हा भावांना समोरासमोर बसवलं नाही, टेबलाच्या एकाच अंगाला बसवलं. आमच्या वकिलांना गप राहायला सांगितलं. ते मला पटलं. मग एकेकाला वेगळं आत घेतलं.

मला वाटलं, सातबारा काढतील. त्यांनी विचारलं, "आबा, आंबा तिथंच का लावला?"

सांगून टाकलं. बाईंनी हळहळ केली नाही, ते बरं झालं. मग म्हणाल्या, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय हे मी त्यांना सांगणार नाही. सांगू?"

"नको. माझं मी सांगतो."

धाकट्याला आत बोलावलं. मी म्हणालो, "आंब्याखाली तुझी वहिनी हाय."

तो पंख्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आन् हे आत्ता सांगतोस व्हय, दादा? दावा लावस्तवर तोंड शिवलं हुतं का?"

"सावडाय आला असतास तर दिसलं असतं."

बाई मध्ये पडल्या नाहीत. भांडू दिलं. दोघंही दमल्यावर विचारलं, "ट्रॅक्टर वळायला जागा किती लागते?" ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. निम्मं वळण माझ्या रानातनं निघालं, निम्मं त्याच्या.

आंब्याच्या झाडाला धक्का लावू नये, असं त्यांनी कागदावर घेतलं.

धाकटा म्हणाला, "झाड नका लिहू मॅडम. वहिनी लिहा."

"कोर्टाला तसं चालत नाही, मामा."

"मग कोर्टाला कळतंय तरी काय?" म्हणत त्यानं सही केली.

आता उसाचा ट्रॅक्टर वळणावर आला की धाकटा मागनं ओरडतो, "हळू रं, वहिनी हाय!" नवा ड्रायव्हर ब्रेक दाबतो आणि बाई कुठं उभी आहे ते शोधत बसतो.