पाचला सुटणारा वर्ग

निवृत्त शिक्षिका पुतळाबाई माणगावच्या विहारात मुलांना फुकट कॉम्प्युटर शिकवतात आणि रागावतात, दोन्ही सारख्याच जोमाने. वर्ग पाचला सुटतो. मुलं घड्याळ बघून पळतात, म्हणून बाईंनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि कॉम्प्युटरचं तासभर मागे ठेवलं.

आज मुलांना चित्रं काढायचं सॉफ्टवेअर दाखवायचंच होतं. पण कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली ते उतरवून घेईना. सॉफ्टवेअरच्या भांडाराची यादी 'अजून वैध नाही', एवढंच सांगे. बाईंनी भारतातलं भांडार काढून जर्मनीतलं लावलं, मग जपानचं. उत्तर तेच.

"मेल्यांनी जगभर कट केलाय! अजून वैध नाही म्हणे! मग कधी होणार, मी गेल्यावर?"

सून नेत्रा चहा घेऊन आली होती. "आई, यादी अर्ध्या तासापूर्वीची आहे. तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबात ती अजून जन्मलीच नाही. घड्याळ मागे केलंयत ना?"

"हळू बोल! मुलं ऐकतील!"

दातओठ खात बाईंनी वेळ नीट केली. सॉफ्टवेअर झरझर उतरलं, पडद्यावर रंगपेटी उघडली. बाई विजयाने वळल्या, तर मुलं दप्तरं घेऊन दारात.

"बाई, पाच वाजून गेले!"

"बसा खाली! ते घड्याळ चुकीचं आहे!"

"असं कसं बाई? आत्ताच तर तुम्ही नीट केलंत!"