शिशाचा नकाशा आणि डोईफोडे सरांची ओसरी

प्रा. रंगनाथ डोईफोडे यांची माझी पहिली भेट जालन्याच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी परतूरहून आलेली नवखी विद्यार्थिनी. सर माती चाळत होते. "शहरात कुठं किती शिसं, किती जस्त, याचा नकाशा करतोय. पायी फिरायची तयारी आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढे दोन वर्षं आम्ही भट्ट्यांमागची, गॅरेजांसमोरची, मैदानांतली माती पिशव्यांत भरत हिंडलो. नकाशा नगरपालिकेच्या सभेत मांडायचा दिवस ठरला. आदल्या सकाळी माझ्या ध्यानात आलं, की दोन पिशव्यांचे क्रमांक मी उलटे लिहिले आहेत. सर्वाधिक शिशाची खूण भलत्याच गल्लीवर पडली होती. मी रडतच सरांना सांगितलं. सभेत सर उभे राहिले. "नकाशात माझी चूक आहे. दुरुस्त करून आणतो," म्हणाले. काहीजण हसले. माझं नाव सरांनी तेव्हा घेतलं नाही, नंतरही कधी नाही.

दोन्ही ठिकाणची माती पुन्हा तपासली. शिसं निघालं ते एका बालवाडीच्या अंगणात. शेजारच्या शेडमध्ये शिसं काढायला जुन्या बॅटऱ्या फोडत असत. शिसं पोटात गेलं की मुलांचं पोट दुखतं, स्मरणशक्ती मंदावते, हे सरांकडून ऐकून बालवाडीच्या शमीमबाई हादरल्या.

"सर, लेकरं तर दिसभर ह्याच मातीत खेळून राह्यलेत. मंग आता?"

"उद्यापासून माझ्या घरी आणा त्यांना. ओसरी मोकळीच आहे."

शेड गावाबाहेर हलायला वर्ष लागलं. अर्ज सरांनीच केले, शेडमालकाची समजूतही त्यांनीच घातली. तोवर बालवाडी त्यांच्या ओसरीत भरली. मग अंगणातली वीतभर माती काढून सरांनी वडीगोद्रीच्या आपल्या शेतातली माती आणवली. पण टाकण्याआधी तीही तपासली. "घरची म्हणून चांगली, असं कसं धरायचं?"

त्या बालवाडीतली काही मुलं आता महाविद्यालयात आहेत. सरांच्या साठीनिमित्त परवा ती भेटायला आली. सरांनी सत्कार बाजूला ठेवून एकेकाला विचारलं, "पोट दुखतं का? वाचलेलं ध्यानात राहतं का?" शेवटच्या मुलीनं "बिलकुल ठीक आहे, सर," म्हटल्यावरच ते खुर्चीवर टेकले.

इतरांच्या प्रकृतीची अशी काळजी वाहणाऱ्या सरांना स्वतःची प्रकृती उदंड साथ देवो, आणि ही मुलं संसाराला लागलेली त्यांनी डोळे भरून पाहावीत.