तीन नंबरवर माझा संशय

आधी चहा संपवा. किस्सा ऐकताना ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही. आणि हसायचं तर मोकळेपणाने हसा. आमच्या अख्ख्या ब्लॉकचं हसून झालंय, तुम्हीच कशाला मागे राहता?

तर झालं असं. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या नव्या क्वार्टरमध्ये राहायला येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आमच्या जिन्यावर चार घरं. एक नंबरमध्ये बॅनर्जी मॅडम, कॉलनीच्या असोसिएशनच्या सेक्रेटरी. दोन नंबर आमचं, दोन्ही तळमजल्यावर. वरती तीन नंबरमध्ये चौधरी साहेब. हरियाणातल्या रोहतककडचे, सव्वासहा फूट उंच, आणि मिशा अशा की समोरच्याने न विचारताच गुन्हा कबूल करावा! चार नंबरला कुलूप.

आमची गाडी पांढरी, छोटी, बरीच जुनी. त्या आठवड्यात ती सिग्नलला उभी राहिली की थडथडायला लागायची. मुग्धा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अरे, हिला थंडी वाजतेय की आपल्याला भूकंप होतोय?"

शेजारच्या मुनीरकातल्या मेकॅनिकला दाखवली. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "साहब, गाडी मिसिंग है."

मी चमकून बघितलं. "मिसिंग? ये तो यहीं खडी है!"

बिचाऱ्याने समजावून सांगितलं. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकावर एक स्पार्क प्लग, तो ठिणगी टाकणार. प्रत्येक प्लगवर एक कॉइल, ती त्याला वीज पुरवणार. चौघांपैकी एक जण आपली पाळी चुकवतोय. इंजिनाची ती चुकलेली पाळी म्हणजे मिसिंग. सोमवारी गाडी सोडा, म्हणाला.

आता मला सांगा, जो शब्द ऐकून मी स्वतः फसलो, तो ऐकून आणखी कोणी फसेल हे मला कळायला नको होतं? नाही कळलं! कारण माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. एवढंसं काम, मेकॅनिक कशाला? चार नवे प्लग आणले, प्लगचा लांब पाना आणला, आणि शनिवारी बसून तीन व्हिडिओ पाहिले. तिसऱ्या व्हिडिओनंतर तर मी असा फिरत होतो, जणू हे इंजिन मीच बनवलंय.

रविवारी सकाळी वाटलं, नव्या कॉलनीत थोडी ओळख व्हावी. लोकांना कळावं की हा फायली सरकवणारा माणूस नाही, हाताने काम करणारा आहे. ब्लॉकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं :

"नमस्कार. मेरी सफेद गाडी मिसिंग है. ब्लॉक के नीचे पार्क करता हूँ. किसी को अनुभव हो तो बताएँ."

मिनिटभरात बॅनर्जी मॅडमचा निरोप. "ओह नो! कब से?"

केवढी आपुलकी! मी लिहिलं, "दो-तीन दिन से थोडी-थोडी थी. कल पूरी हो गई."

यावर कोणीतरी नुसतंच प्रश्नचिन्ह टाकलं. मी दुर्लक्ष केलं. पलीकडच्या ब्लॉकमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, "वीडियो देखा?"

म्हटलं वा, जाणकार माणूस! "जी, तीन देखे. सब समझ में आ गया."

"पता चला किसका काम है?"

"चार में से किसी एक का है. मुझे तीन नंबर पर शक है."

इथे ग्रुप एकदम शांत झाला. मला वाटलं, लोक प्रभावित झाले. म्हणून जरा सविस्तर लिहिलं :

"अभी बाहर जा रहा हूँ. चारों को एक-एक करके बाहर निकालूँगा. तीन नंबर को ठोक-बजाकर देखूँगा. फिर उसको एक नंबर में डालूँगा. वहाँ भी गडबड करे तो साबित हो जाएगा कि वही खराब है. फिर फेंक दूँगा."

अहो, तंत्रानुसार यात काही चूक नाही! संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवायची. मिसिंग तिच्याबरोबर तिकडे गेलं तर दोष कॉइलचा. व्हिडिओतल्या माणसाने असंच सांगितलं होतं. फक्त त्याच्या एक नंबरमध्ये बॅनर्जी मॅडम राहत नव्हत्या!

मोबाइल चार्जिंगला लावला. मुग्धा अजून पांघरुणातच होती. दिल्लीतली जानेवारीतली सकाळ, धुकं आणि धूर एकमेकांच्या गळ्यात पडलेले. मी जुनं फाटकं स्वेटर चढवलं, माकडटोपी घातली, तोंडाला मास्क लावला. आरशात बघितलं असतं तर मीच मला घरात घेतलं नसतं.

बाहेर येऊन बॉनेट उघडलं. वरचं झाकण काढलं, कॉइलच्या वायरींच्या क्लिपा सोडवल्या, बोल्ट काढले आणि चारही कॉइली अलगद उपसून वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या. एक, दोन, तीन, चार. मग लांब पाना आत घालून प्लग काढायला लागलो. काय आनंद, काय आनंद! हात कोपरापर्यंत काळे. कपाळ पुसलं, कपाळही काळं. तोंडाने शीळ.

इकडे माझ्या पाठीमागे काय चाललंय, मला काय पत्ता? बॅनर्जी मॅडमनी गेटवर फोन करून चौकीदाराला सांगितलं होतं, "एकही गाडी बाहेर सोडायची नाही. चोर आतच आहे." आणि तीन नंबरात चौधरी साहेबांनी, आपल्याला ठोकून-बजावून कोण बघणार आहे ते बघायला, सकाळच्या फेरीची काठी उचलली होती.

मी तिसरा प्लग फिरवत होतो. मागून गर्जना झाली.

"ओए! के कर रया सै?"

मी वळलो नाही. काम नाजूक होतं. "तीन नंबर को निकाल रहा हूँ," मी शांतपणे म्हणालो. "बहुत अडियल है."

पुढच्या क्षणी माझी कॉलर चौधरींच्या मुठीत होती आणि माझे पाय जमिनीला फक्त बोटांनी टेकत होते.

"मॅडम! गाडी मिल गी! चोर पुर्जे बेच खाण लाग रया था!"

बॅनर्जी मॅडम शाल सावरत धावत आल्या. वर्तमानपत्रावरचे भाग पाहून म्हणाल्या, "हाय राम, कितने सलीके से खोला है! प्रोफेशनल है."

खरं सांगू? त्या अवस्थेतही मला बरं वाटलं.

"अहो, ही माझी... ये मेरी गाडी है!" मी मास्कच्या आतून ओरडलो.

"हर चोर यही बोले सै."

"मैं दो नंबर में रहता हूँ!"

"अच्छा? जिसकी गाडी उठाई, उसी के घर में रहता है?" बॅनर्जी मॅडमनी लगेच माझा नंबर फिरवला. खिडकीतून माझीच रिंग ऐकू आली. मुग्धाने उचलला. मॅडमनी स्पीकर लावला.

"भाभीजी, बधाई हो! गाडी मिल गई, चोर पकडा गया. भाईसाहब को बाहर भेजिए, पहचान करनी है."

"कौन सी गाडी? ये तो घर पे नहीं हैं," झोपाळलेला आवाज आला. मग खिडकीचा पडदा बाजूला झाला. मुग्धाने आधी काठी पाहिली, मग मिशा, मग माकडटोपी.

"मुग्धा! अगं, सांग ना यांना!"

तिने तीन सेकंद विचार केला. खरंच केला! हे तीन सेकंद मी अजून तिला माफ केलेले नाहीत.

मग म्हणाली, "स्वेटर तो हमारा ही है."

मास्क उतरला, टोपी उतरली, मुग्धाही बाहेर आली. चौधरींची मूठ हळूहळू सैल झाली. मग ग्रुपवरचा एकेक निरोप मोठ्याने वाचून मी उत्तर द्यायचं, असा खटला तिथेच गाडीसमोर चालला. 'चार में से एक' म्हणजे सिलिंडर. 'वीडियो' म्हणजे धडा, गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण नव्हे. 'उसको एक नंबर में डालूँगा' हे वाक्य आलं तेव्हा बॅनर्जी मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि दुसरीकडे पाहिलं. चौधरी तर हसताहसता माझ्याच गाडीवर टेकले.

"रै, अपने पिताजी का ट्रॅक्टर मन्ने बीस बार खोल्या सै," ते म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. एकेक कॉइल उजेडात धरून पाहिली. तीन नंबरची ठणठणीत निघाली. दुसरीच्या रबराला लांबलचक चीर!

"यो देख. तीन नंबर तो शरीफ सै. सारा कसूर दो नंबर का सै!"

तिघांनी आधी कॉइलकडे पाहिलं, मग आमच्या दारावरच्या आकड्याकडे, मग माझ्याकडे.

मुग्धाने सगळ्यांसाठी चहा आणला. तोवर चौधरींच्या एका मित्राने त्याच मॉडेलची कॉइल आणून दिली. चौधरींनी नवे प्लग हाताने अलगद बसवले, मग पान्याने बेताचे आवळले, मी नुसता पाने देत उभा. चावी फिरवली. गाडी अशी गुळगुळीत चालू झाली की विचारू नका!

"चल, चक्कर लगा के आवैं," चौधरी म्हणाले. ते स्टिअरिंगवर. शेजारी बॅनर्जी मॅडम, त्यांना चाचणी स्वतः बघायची होती. मी मागे, काळे हात सीटला लागू नयेत म्हणून जोडून, खाली मान घालून बसलो.

आणि गेट बंद! चौकीदार सकाळपासून हुकूम पाळत उभा. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तो धावत आला, चौधरींना सलाम ठोकला, मागच्या खिडकीतून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"थाने ले जा रहे हो, साहब?"

चौधरींच्या मिशीचा एकही केस हलला नाही. "हाँ. खोल गेट."

चौकीदाराने गेट उघडलं. मग पुन्हा माझ्या खिडकीशी वाकला. आवाजात राग नव्हता हो, कळवळा होता.

"शक्ल से तो पढे-लिखे लगते हो. शर्म नहीं आती?"

खरं तेच सांगितलं.

"आ रही है, भैया. बहुत आ रही है."