दहाव्याचा शब्द आणि काकांची कॉमिक्स

माझ्या काकांवर अन्याय झाला तो त्यांच्या दहाव्याच्या दिवशी, आम्ही क्षिप्रेच्या घाटावर कावळ्याची वाट बघत होतो तेव्हा. करणारी माझी सख्खी आत्या. हेतू चांगला होता, असं सगळे सांगतात. तो हेतू ऐकून ऐकून पाठ झालाय, म्हणूनच लिहिते आहे.

काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. माधव नगरातल्या त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. वरच्या कप्प्यात पोथ्या, खालच्या दोन कप्प्यांत कॉमिक्स. मुलांची नव्हेत. मोठ्यांसाठी काढलेली, स्वस्त कागदावरची, बेशरम हिंदी कॉमिक्स. त्यात मंत्र्याचं धोतर भाषण देता देता हरवायचं आणि पुढच्या पानावर त्याच धोतराच्या मंडपाचं उद्घाटन मंत्रीच करायचा, उघडा. यमाच्या दारात चपराशी बसलेला, मेलेल्यांना सांगायचा, "साहब लंच पे हैं, कल आना." कंटाळलेली पात्रं चौकट मोडून शेजारच्या गोष्टीत घुसायची आणि तिथल्या लग्नात जेवून यायची.

टावर चौकातून काका ती भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली घालून आणायचे. घरात सगळे पोरकटपणा म्हणायचे. आत्या म्हणायची, "अरे, रिटायर झालास, आता तरी काही ढंगाचं वाच."

"ताई, ढंगाचं सगळं ऑफिसात वाचलं. फाइली म्हणतात त्याला."

मी एकदा विचारलं, यात एवढं आहे काय? म्हणाले, "अगं, आपल्या गावात सकाळपासून मान वाकवावी लागते. साहेबापुढे, नेत्यापुढे, नेत्याच्या ड्रायव्हरपुढे. मान दुखून येते. ह्यात कुणी वाकत नाही. वाकलाच तर मागून लाथ बसते." आणि स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मोर्च्यांत वाटायला मी लिहायचे ते पर्चे, म्हणजे पत्रकंही ते वाचायचे. वस्ती हटवण्याविरुद्धचा एक वाचून म्हणाले, "सगळं खरं आहे. पण तू त्या अधिकाऱ्याला फार मोठा करून ठेवतेस. जरा खुर्चीवरून पाड की."

घाटावर पिंड मांडले. कावळे होते, पण शिवत नव्हते. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली असं आपल्यात मानतात, आणि घरचे एकेक वचन देत जातात. दादा, म्हणजे काकांचा मुलगा, हात जोडून उभा होता. "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही." काही नाही. "गच्चीचं काम पूर्ण करीन." काही नाही. गुरुजी म्हणाले, "अजून काही असेल तर आठवा, नाहीतर दर्भाचा कावळा करून घेऊ."

मी दादाच्या कानात सांगितलं. तो चारचौघांत लाजत म्हणाला, "बाबा, तुमची कॉमिक्स कुणाला देणार नाही. मी वाचीन."

कावळा उतरला.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. त्याला भूक लागली असेल. पण काका गेल्यापासून दादा पहिल्यांदा रडला तो तिथे, आणि त्यानं शब्द दिला होता.

घरी आलो तर कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे, अजून ओले. सुतक फिटतं म्हणून आत्यानं सगळं घर धुऊन काढलं होतं. "तेराव्याला लोक येतील, व्याही येतील. तसली चित्रं दिसली असती म्हणजे? लोक त्याला काय समजले असते? रद्दीवाल्याला दिली. पोथ्या ठेवल्यात नीट."

दादा तसाच, ओल्या धोतरानं स्कूटर काढून गेला. परत आला तो रिकाम्या हातानं. रद्दीवाला म्हणाला होता, "भैया, वो माल तो गाड़ी में निकल गया. पहले बोलना था ना."

पहले बोलना था.

काकू रिकाम्या कपाटासमोर येऊन बसली. ती म्हणाली, "हे रात्री वाचताना हसू दाबायचे, मला जाग येऊ नये म्हणून. सगळा पलंग हलायचा. मी चिडायचे, झोपू द्या हो." मग म्हणाली, "आता हलत नाही."

आत्या उठून आत गेली. तिनं एका दुपारी कपाट रिकामं केलं. पण त्यातलं सगळं रद्दी आहे, हे आमच्या घरानं कितीतरी वर्षं आधी ठरवून टाकलं होतं, काकांच्या तोंडावर, हसत हसत.

तुमच्याही घरात असा कुणी आहे. दिवसभर मान वाकवून येतो आणि कोपऱ्यात बसून, तुमच्या मते वयाला न शोभणारं काहीतरी वाचून हसतो. आज संध्याकाळी त्याच्या शेजारी जाऊन बसा. हातातलं पान मोठ्यानं वाचायला सांगा, आणि ही पुस्तकं पुढे कुणाकडे द्यायची ते त्याच्याच तोंडून ऐका. घर आवरणाऱ्यांनाही तिथेच बसवा. हे घाटावर विचारू नका. आज विचारा.