भीमराजचं सोवळं

भीमराज फवारणीच्या पंपाला जावई म्हणायचा. खांद्यावर बसतो, गुरगुरतो, पेट्रोल पितो आणि तेही कोरं चालत नाही, त्यात बेतानं तेल कालवून द्यावं लागतं. तेल कमी पडलं तर आतून तापतो, जास्त झालं तर धूर सोडतो आणि मनाला आलं की चारचौघांत बंद पडून सासऱ्याला मान खाली घालायला लावतो. "लेक द्यायच्या आधीच घरात जावई आला बगा," असं तो भेटेल त्याला सांगायचा. ऐकणारा हसला नाही तर पुन्हा सांगायचा.

कर्नाटकातल्या आळंदहून उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं गाव होतं. तुरीचा मुलूख. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला तुरीवर हिरव्या अळीनं असा उच्छाद मांडला की शेंगा भरायच्या आधीच पोखरल्या जायच्या. तेव्हा गावच्या सोसायटीनं पेट्रोलवर चालणारा, पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप आणला. पहिल्या माणसानं त्यात तेलाशिवाय पेट्रोल ओतलं. दुसऱ्यानं इंजिन तापलेलं असतानाच टाकी भरायला घेतली आणि अर्धी मिशी गमावली. तिसऱ्यानं तुंबलेली नळी तोंडात धरून फुंकली आणि पुढचे दोन दिवस बाजेवर पडून काढले. त्यानंतर पंप गोदामात पोत्यांमागं गेला. त्याच्याजवळ जायला कोणी तयार होईना.

भीमराज तरुणपणी सोलापुरात स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात राहिलेला. त्यानं पंप घरी आणला, गोधडीवर मांडून पुरजा पुरजा सुटा केला, प्लगावरची काजळी पॉलिश पेपरनं घासली, नळीत फुंकर न मारता ज्वारीच्या धाटाची काडी फिरवली आणि दोरी ओढली. पंप असा ओरडला की शेजारच्या मल्लम्माची शेळी दावं तोडून गेली. ती सापडेपर्यंत मल्लम्मा कन्नडमधून जे बोलली ते भीमराजला सगळं समजत होतं, पण आनंद इतका मोठा होता की त्यानं ते मनावर घेतलं नाही.

सोसायटीनं पंप त्याच्याच हवाली केला आणि तो मजुरीवर गावची तूर फवारू लागला. पहिल्या हंगामात मात्र तो एकदा चुकला. फवारून दमून आला आणि त्याच कपड्यांनिशी त्यानं दारात खेळणाऱ्या लेकीला उचलून घेतलं. घटकाभरात पोर ओकायला लागली, डोळे फिरवायला लागली. तिला घेऊन आळंदचा दवाखाना गाठला तेव्हा कुठं ती सावरली. चांगुणाबाई, म्हणजे भीमराजची बायको, लेकीला दवाखान्यातून आपल्याच कडेवर घेऊन परतली. घरी आल्यावर तिनं भगवान बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि मग नवऱ्याकडं वळली.

"आवो, पुन्हा या वासानं उंबऱ्यापाशी आलाव, तर जावई विहिरीत जाईल."

"बरं."

"आन त्याच्या मागं सासराबी."

भीमराजनं त्याच तसबिरीसमोर शब्द दिला: अंगावर फवारणीचं औषध असताना घराकडं पाऊल टाकणार नाही. त्या दिवसापासून त्याच्या शिस्तीला धार आली. औषधाचे कपडे घराबाहेरच्या खुंटीला आणि ते तोच धुणार. औषध कालवायची बादली दुसऱ्या कशाला लावायची नाही. तोंडात पान-तंबाखू नाही. मूठभर माती उडवून वारा बघायचा आणि वाऱ्याकडं पाठ करूनच चालायचं. फवारून झालं की पंपातून निर्मळ पाणी सोडायचं, मग अंगावर साबण. चांगुणाबाईनं खताच्या प्लास्टिकची खोळ शिवून दिली, त्यानं आळंदच्या बाजारातून फटफटीवर लावायचा चष्मा आणला. तोंडाला फडकं, पायात रबरी बूट. तो बांधावरून निघाला की पोरं "नाकतोडा आला" म्हणून मागं लागायची आणि तो हात वर करून ओरडायचा, "लांब व्हा रे, शिवू नका मला."

त्याची आणखी एक शिस्त होती, ती मात्र कुणाला सांगितलेली नव्हती. तो कुणाच्या दारी पाणी मागत नसे. प्यायचं पाणी घरून बाटलीत न्यायचं. आंघोळीसाठी शेतमालकानं बांधावर पिंप भरून ठेवायचं, ही अट आधीच घालायची. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून पिणारा बाप त्यानं लहानपणी पाहिला होता. तेवढं पुरे होतं.

गावात सोवळ्याची खरी मालकी होती कुसुमताईंकडं. अच्युतराव आळंदला शाळेत मास्तर, रविवारी शेतकरी. त्यांची ही आई. सारं गाव तिला आज्जी म्हणायचं. शेतातच घर, दारात विहीर आणि त्या विहिरीचं पाणी देवाचं म्हणून दुसऱ्या कुणी पोहरा बुडवायचा नाही. ओलेत्यानं कळशी घेऊन त्या निघाल्या की कोंबड्यासुद्धा वाट सोडायच्या.

तर एकदा असं झालं की, अच्युतरावांच्या तुरीत फवारणी आटोपून भीमराज अंगणाच्या बोळातून येत होता आणि समोरून आज्जी कळशी घेऊन आल्या.

"लांब हो रे, सोवळ्यात आहे मी," आज्जी म्हणाल्या.

"आज्जी, तुम्हीच लांब व्हा. म्या औषधात हाय," भीमराज म्हणाला.

बोळ अरुंद. मागं कुणीच सरेना. अच्युतराव धावत आले आणि कुणाला काय सांगावं ते न सुचून मधेच उभे राहिले.

"औषधात आहे म्हणजे?" आज्जींनी विचारलं.

"म्हंजी शिवायचं न्हाई. आंघोळ होईस्तोर लेकरालाबी न्हाई, भांड्यालाबी न्हाई, दाराच्या कडीलाबी न्हाई."

"कपडे?"

"वेगळे. बाहेरच्या खुंटीला."

"स्वयंपाकघरात?"

"नाव काढू नका."

आज्जींनी कळशी कमरेवर नीट घेतली. चेहऱ्यावर, मुलगी बघायला आलेल्या बाईसारखा भाव. "आणि मधेच लघवीला जावं लागलं तर?"

"आधी हात धुवायचे, आज्जी."

"आधी?"

"आधी. साबणानं. मग जायाचं."

आज्जी पोट धरावं तशी कळशी धरून हसल्या. "आमच्यात नंतर धुतात बाबा. तुझं माझ्याहून कडक दिसतंय." आणि इतकी वर्षं कोंबड्यांनासुद्धा वाट न देणाऱ्या आज्जी बोळातून चार पावलं मागं सरल्या.

तेव्हापासून भीमराज आला की त्या ओट्यावरून त्याची परीक्षा घेत. विडी ओढलीस का, बादली कुठं ठेवलीस, वारा बघितलास का, अंगावर सांडलं तर काय करायचं, चांगुणेला दिलेला शब्द पाळतोस ना. तो लांबून उत्तरं द्यायचा. लांबून, हे मात्र दोघांच्याही शिस्तीत बसत होतं.

मार्गशीर्ष लागला. आज्जींच्या घरी खंडोबाचं नवरात्र बसलं आणि अच्युतरावांच्या तुरीत अळी पुन्हा दिसली. नेमकं त्याच वेळी औषधाच्या टाकीच्या झाकणाचं रबरी वायसर फुगून निकामी झालं. भीमराजनं सायकलच्या जुन्या ट्यूबमधून एक गोल कापला, झाकणात बसवला आणि चांगुणाबाईला दाखवायला नेला.

"बग, कंपनीला जमायचं न्हाई असं."

"ट्यूब औषधात फुगतीया. आळंदहून खरं आणा."

"तुला यातलं काय कळायलंय?"

"मला वासातलं कळायलंय," असं म्हणून ती भाकरी थापायला वळली.

भीमराज अच्युतरावांच्या शेतात पोचला. मास्तर शाळेला गेलेले. पंपाचं पेट्रोल बघितलं, प्लग बघितला, माती उडवून वारा बघितला, जावयाला चार गोड शब्द सांगून दोरी ओढली. सगळं बघितलं, फक्त बांधावरचं पिंप बघायचं राहिलं. पिंपाला म्हशीनं शिंग लावून केव्हाच लवंडून टाकलं होतं.

दुसरी टाकी निम्मी झाली असेल, तेव्हा त्याला मानेखाली गार लागलं. आधी वाटलं, घाम. मग ते गार पाठीवरून कमरेपर्यंत उतरलं आणि त्यामागून वास आला. त्यानं इंजिन बंद केलं, पट्टे सोडले, पंप खाली ठेवला. झाकणाच्या कडेनं फुगलेली ट्यूब जीभ काढल्यासारखी बाहेर आली होती. खोळीच्या आतून सदरा चिंब. तो पिंपाकडं पळाला. पिंप आडवं, आत एक बेडूक.

त्यानं खोळ आणि सदरा ओरबाडून काढला. बाटलीत उरलेलं घोटभर पाणी खांद्यावर ओतलं, ते कुठल्या कुठं गेलं. पाठ चुरचुरायला लागली. समोर हाकेवर आज्जींची विहीर, तिच्यावर आज्जी स्वतः, ओलेत्या, देवाचं पाणी शेंदत उभ्या. आणि ओढा, त्याच्या वस्तीजवळचा, तिकडं चार शेतं पलीकडं. भीमराजनं एकदा विहिरीकडं बघितलं आणि ओढ्याची वाट धरली.

"भीमराज, उघडा कुठं निघालास रे थंडीचा?"

"ओढ्याला जायलोय, आज्जी. जरा गळालंय औषध."

"कुठं गळालं?"

"पाठीवर."

आज्जींनी पोहरा कठड्यावर ठेवला. "तूच सांगितलं होतंस ना, अंगावर सांडलं तर काय करायचं ते?"

"व्हय. तिथंच धुवायचं. तवाच."

"औषधानं भिजलेल्या अंगानं किती चालायचं असतं तुझ्या सोवळ्यात?"

भीमराजनं ओढ्याकडं बघितलं.

"विचारलं मी काहीतरी."

"एक पाऊलबी न्हाई."

"मग चाललास कुठं?"

आता भीमराज परीक्षेत नापास होऊन उभा होता. कुणाकडं पाणी मागायचं नाही हे एक, आणि औषधाच्या अंगानं घराकडं न जाण्याचा चांगुणाबाईला दिलेला शब्द हे दुसरं. दोन्ही एका वेळी धरता येईनात. शिवाय पाठ.

"ये, चढ विहिरीवर," आज्जी म्हणाल्या.

"तुमचं नवरात्र हाय. पाणी देवाचं."

"माझं मी बघीन. मल्हारी काही चांगुणेपेक्षा कडक नाही."

भीमराज दोन पावलं आला आणि थांबला. आज्जींना वाटलं, मान आड येतोय. पण तसं नव्हतं. "आज्जी, म्या विहिरीवर येणार न्हाई. अंगावरचं पाणी आत उतरंल. मग तुमचा देवबी ओकंल आन तुम्हीबी. माझ्या नियमात बसत न्हाई."

आज्जींना हे पटायला क्षणही लागला नाही. नियमावर अडून बसणाऱ्या माणसाबद्दल त्यांना पहिल्यापासून आदर होता. "मग त्या लिंबाखाली उभा राहा," म्हणून त्यांनी पदर खोचला.

आणि मग सत्तरी ओलांडलेल्या कुसुमताई पोहरा बुडवत राहिल्या, कळशी भरून लिंबाखाली नेत राहिल्या. पहिली कळशी आणली तेव्हा भीमराज म्हणाला, "लांबून वता, आज्जी. वरून. शिंतोडे उडतील तुमच्यावर." बोलून गेल्यावर त्याला आपलंच बोलणं कानाला वेगळं लागलं. वरून ओतलेलं पाणी आणि खाली वाकलेला माणूस, हे त्यानं पूर्वी पाहिलेलं होतं. पण तेव्हा ओतणाऱ्याला असा दम लागलेला नव्हता आणि तो खाली वाकलेल्याच्या हुकमानं ओतत नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि पाठ पुढं केली.

"साबण धर. माझाच आहे. मानेला लाव. कानामागं."

"लावलं."

"पुन्हा लाव."

"पुन्हा लावलंय, आज्जी."

"काही लावलं नाहीस, मी बघतेय. डोक्यावरून घे. नखं."

आंघोळीच्या बाबतीत आज्जींनी आयुष्यभर कुणावर विश्वास ठेवला नव्हता, तो आजही ठेवला नाही. भीमराजच्या पाठीची चुरचुर थांबली, दात वाजायला लागले, तरी त्या कळशी आणतच होत्या. शेवटी त्यांनी मास्तरांचं धुतलेलं धोतर फेकलं आणि कठड्याला टेकून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "डोकं फिरतंय का? मळमळ?"

"न्हाई."

"आता मला आंघोळ करावी लागेल का?"

भीमराजनं त्यांच्याकडं नीट बघितलं. लुगड्याच्या काठावर थेंब दिसत होते. "शिंतोडे उडालेत. करावी लागंल. पण औषधाची."

"औषधाचीच," आज्जी म्हणाल्या आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

दिवस कलताना भीमराज घरी आला. पंप हातात, औषधाचे कपडे काठीला लोंबत, कमरेला मास्तरांचं काठाचं धोतर. चांगुणाबाई उंबऱ्यावर आडवी उभी. तिनं मान पुढं करून वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला. औषधाचा नव्हता. चंदनाचा होता.

"ह्यो कुणाचा साबण?"

"आज्जींचा."

"पाणी?"

"त्यांचंच."

चांगुणाबाईनं धोतराच्या काठाकडं बघितलं. "मागितलं?"

"न्हाई. परीक्षेत नापास केलं, मग दिलं."

ती बाजूला झाली. भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "ट्यूब फुगली न्हवं?" आणि भीमराजनं पुढचा घास जरा मोठाच घेतला.

दुसऱ्या दिवशी तो आळंदला जाऊन खरं वायसर घेऊन आला आणि राहिलेली तूर फवारायला गेला. पिंप उभं केलं होतं, पण कोरडं. आज्जी ओट्यावर जपमाळ घेऊन बसलेल्या.

"आज्जी, पिंप रिकामं हाय."

"ठाऊक आहे. माझे खांदे भरून आलेत. औषधाला हात लावला नाहीस ना अजून?"

"न्हाई."

"मग आत्ता तू स्वच्छ आहेस. पोहरा कठड्यावर आहे. आपल्या हातानं भर आणि मग सुरू कर तुझा जावई."

भीमराज विहिरीवर चढला. दोर हातातून सरसर सुटला, पोहरा खाली बुडबुडला. आज्जींची जपमाळ थांबली नाही, फक्त ओट्यावरून आवाज आला, "काठोकाठ भर. कालच्यासारखं मला दमवू नकोस."

पुढं कित्येक वर्षं तो नव्या पोरांना पंप शिकवायचा तेव्हा पेट्रोल, तेल, प्लग आणि वायसर यांच्याही आधी पिंप भरायला लावायचा. अच्युतरावांच्या शेतात असेल, तर पोहऱ्याकडं बोट दाखवून.